दोन निवत्यांत उपाशी राहिलेलं गाव

आरमोरीच्या बाजारात खताच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे बसून आम्ही तिघं माणसांना रुसवतो, आणि जमलं तर त्यांची समजूतही काढतो. ही माणसं खरी नाहीत. ती कॉम्प्युटरवरच्या एका खेळात राहतात. त्यांना घरं आहेत, बैल आहेत, आवडीनिवडी आहेत, आणि एकमेकांबद्दल मनात धरून ठेवलेल्या पुष्कळ गोष्टी आहेत. ते मनात धरणं कसं चालतं, हे नियमांत बसवायचं माझं काम. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने हे काम सांगितलं की समोरचा ऐकून घेतो आणि विचारतो, "पण नोकरी कुठी करता?"

आमच्या खेळात खेळणारा गावात नवा राहायला येतो. त्याला एक घर आणि धानाच्या काही बांध्या मिळतात. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, आखलेला शेताचा तुकडा. इथवर सोपं आहे. पण धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, एकट्याने होत नाही. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, ती उपटायची, पेंढ्या बांधायच्या, चिखलात वाकून लावत जायचं, आणि तेही बांधीत पाणी आहे तोवर. त्याला माणसं लागतात. गावातलं कोण तुमच्या बांधीत उतरेल, हे त्याच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे त्यावर ठरतं. कोणीच आलं नाही तर पऱ्हे जागीच पिवळे पडतात आणि खेळ संपतो.

नियम मी लिहितो. त्यांचा प्रोग्राम शबाना करते. ती चंद्रपूरची, वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. माणसं, झाडं, चिखल हे सगळं विनोद काढतो. तो इथलाच, घरी धानाची शेती. दोघंही माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत आणि मला सुधाकरभाऊ म्हणतात. रागावले की नुसतं भाऊ.

सुरुवातीला आम्ही जे केलं ते सगळेच करतात. पात्राच्या डोक्यावर पत्त्यांतल्यासारखा एक लाल बदाम. भेट द्या, बदाम थोडा भरतो. रोज द्या, पूर्ण भरतो. मग ते पात्र तुमचा जिवाभावाचा मित्र. काही ओळखीच्या लोकांना आम्ही हा खेळ खेळायला दिला. भद्रावतीच्या कॉलनीत राहणारे गुलाबराव नावाचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी आमच्या बुधाजी नावाच्या म्हाताऱ्या पात्राला रोज आंबा दिला. बदाम भरला. तरीही त्यांचा फोन आला.

"सुधाकरभाऊ, हा बुढा आंबा देल्लं का हसते, नाई देल्लं का वाट पाहते. याची न माही दोस्ती कायची? याच्यापेक्षा आमच्या कॉलनीतली शेरडी बरी. थे पाला खाऊन तरी मले शिंगं दाखवते!"

मला फार वाईट वाटलं. तसं मला वाईट वाटायला मोठं कारण लागत नाही. चहावाल्याकडे सुटे नसले तरी माझ्यामुळेच नसावेत असं मला वाटतं. पण इथे कारण खरं होतं. एका भल्या माणसाला मी कितीतरी आंबे फुकट वाटायला लावले होते.

मग आम्ही बदाम काढला आणि प्रत्येक पात्राला आठवण दिली. कोण काय बोललं, कोणासमोर बोललं, कोण मदतीला आलं. चारचौघांत केलेला अपमान जड, घरात बोललेलं हलकं. आठवण दिवसांगणिक ओसरत जाते, पण एकसारखी नाही. मदतीची सावकाश, टोमण्याची त्याहून सावकाश. आणि या सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा. वर गेला की दोस्त, खाली गेला की वैरी.

हे बदामापेक्षा बरं होतं, पण त्यातही एक गोष्ट मला टोचत राहिली. खूप जुना दोस्त तुम्हाला भर चौकात बोलला, तर आकडा वरून थोडा खाली येई आणि तो दोस्तच राही. आणि ज्याची तुमची नुसती तोंडओळख, तो तेवढंच बोलला तर लगेच वैरी होई. खऱ्या आयुष्यात नेमकं उलटं होतं! तोंडओळखीच्या माणसाचं बोलणं आपण बसस्टँडवरच सोडून येतो. दुखतं ते आपल्या माणसाचं.

म्हणून आम्ही एका आकड्याचे दोन केले. प्रत्येकाच्या मनात प्रत्येकासाठी दोन मडकी: एक मायेचं, एक रुसव्याचं. दोन्ही एकाच वेळी भरलेली असू शकतात. आणि मायेचं मडकं जितकं भरलेलं, तितका टोमणा रुसव्याच्या मडक्यात जास्त ओतला जातो. शबानाने हा नियम बसवला आणि पहिल्यांदा गाव चालू केलं, तेव्हा आम्ही तिघं खुर्च्या सोडून उभे राहिलो. नत्थू नावाचं पात्र आपल्या सख्ख्या भावावर रुसलं होतं. दिवसभर त्याच्या घरावरून जाताना मान वळवत होतं, आणि भावाचा बैल सुटला तेव्हा मात्र सगळ्यात आधी तेच धावलं. विनोद टाळ्या पिटत होता. "भाऊ, हा तं माहा काका होय! डिट्टो माहा काका!"

मग आम्ही हौसेने आणखी नियम घातले. माझ्या दोस्ताशी कोणी वाईट वागला तर मीही त्याच्यावर थोडा रुसतो. भुकेला माणूस लवकर चिडतो. आणि कार्याला बोलावणं आलं नाही तर रुसवा धरतो. बोलावणं म्हटल्यावर मी आपल्याकडचं चूलबंद निवतं घातलं. घरातल्या एकाला बोलावलं तर तो एकटा जेवायला येतो. चूलबंद निवतं दिलं की अख्खं घर येतं आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. पेटवली तर यजमानाचा अपमान. मला या नियमाचा फार अभिमान होता. दुसऱ्या कुठल्या खेळात हे असणार?

शबानाने तेव्हाच विचारलं होतं. "सुधाकरभाऊ, एका दिवशी दोघांच्या घरी कार्य आलं तं?"

"एवढ्याशा गावात एकाच दिवशी दोन कार्यं कोण ठेवते?" मी म्हणालो, आणि तिने नियम बसवून टाकला. तिचा तो प्रश्न मला नंतर बरेच दिवस पुरला.

नवा खेळ आम्ही पुन्हा काही लोकांना दिला. त्याच वेळी तो हैदराबादच्या कंपनीकडेही गेला, कारण आमचं काम त्यांच्यासाठी होतं. थोड्या दिवसांनी कंपनीतून लावण्या मॅडमचा फोन आला. त्या तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलतात, आणि उगाच गोड बोलत नाहीत.

"सुधाकर जी, आपका गाँव बार-बार मर रहा है. सब लोग रूठ जाते हैं, कोई खेत में नहीं आता. मैं खुद आकर एक बार खेलूँगी. उस दिन भी ऐसा हुआ तो ये सब निकालकर वापस वही हार्ट लगा देंगे."

बदाम परत येणार म्हणजे आमची सगळी पात्रं पुन्हा आंब्यावर हसणार. नत्थूचं मान वळवणं जाणार, बैलामागे धावणं जाणार. मी गुन्हेगारासारखा उभा होतो. शबानाने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "चला, मेलेलं गाव उकरून पाहू."

एटापल्लीच्या मंदाबाई म्हणून एक शिक्षिका आमचा खेळ खेळत होत्या. त्यांचं गाव असंच रुसून बसलं होतं. त्यांनी फोनवर सांगितलं, "मी रोज सगळ्यांची माफी मागून राह्यली जी. पण मी केलं तरी काय, थे तं सांगा!" त्यांच्याकडून खेळ मागवून आम्ही एकेक दिवस मागे गेलो. रुसवा सुरू झाला तो दिवस सापडला आणि आम्ही तिघंही स्क्रीनला नाक लावून बसलो.

त्या दिवशी नत्थूच्या घरी बारसं होतं. आणि शेवंताबाई नावाच्या पात्राच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडाही, त्याच दिवशी. दोघांनीही घरोघर फिरून अख्ख्या गावाला चूलबंद निवतं दिलेलं. सकाळपासून गावात एकही चूल पेटली नव्हती. दोन्ही मांडवांत पंगतींची तयारी, आणि मांडवात कोणी नाही. नत्थूकडे गेलं तर शेवंताबाई रुसणार, शेवंताबाईकडे गेलं तर नत्थू. दोन्ही पारडी सारखी. म्हणून गावातला प्रत्येक माणूस स्वतःच्या दारात, थंड चुलीपुढे, कपडे घालून तयार बसला होता. दुपार झाली. भूक वाढली. भुकेला माणूस लवकर चिडतो, हा आमचाच नियम. त्यात दोन्ही यजमान सगळ्या गावावर रुसले, कारण कोणीच आलं नाही. त्यांचे दोस्त दोस्तीखातर रुसले. संध्याकाळपर्यंत गावात कोणाचं कोणाशी बोलणं उरलं नाही.

पोटभर जेवला तो एकच जण. गावातला कुत्रा. त्याला विनोदने 'अन्न असेल तिथे जाणे' एवढाच नियम दिला होता. तो दोन्ही मांडवांत जाऊन आला होता.

आम्ही इतके हसलो की खालचा खतवाला वर येऊन पाहून गेला. पण आपल्या माणसांना मी सौजन्याने उपाशी मारलं होतं. आणि शबानाने हे आधीच विचारलं होतं.

"शबाना, तू सांगितलं होतं," मी म्हणालो.

"हाव, सांगितलं होतं. आता तोंड पाडून बसू नका. विनोद, तुमच्या घरी दोन निवते आले तं काय करता?"

"सोपं हाय. बाबा इकडं, माय तिकडं. पोट्टे जिथी गोड चांगलं तिथी."

"आमची अम्मी तं लई हुशार," शबाना म्हणाली. "एका घरी जेवते. दुसऱ्या घरी सकाळीच जाते न कामाले हात लावते. कांदे चिरते, भांडे मांडते, पोरींले ओरडते. मग थे पंगतीत बसली का नाई, कोणी पाहतच नाई. उलट घरवालीच म्हणते, खाला होती म्हून झालं."

तिच्या बोलण्याने माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. आजही आठवलं की उठून येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात! येणं वेगळं, जेवणं वेगळं, बोलणं वेगळं. आणि आम्ही रुसलेल्या माणसाचं सगळंच एका फटक्यात बंद करत होतो. माणूस असा रुसतो का? आधी त्याची थट्टामस्करी बंद होते. मग घरी येऊन चहा पिणं. मग बोलणं. ज्यांचं कित्येक वर्षं बोलणं नाही ती माणसंही आपल्याकडे मयताला येतात, विहिरीत कोणी पडलं तर दोर घेऊन येतात, आणि रोवणा अडला तर चिखलात उतरतात. रुसवा म्हणजे घराची ओळीने बंद होत जाणारी दारं. शेवटचं दार लागायला फार मोठी गोष्ट घडावी लागते, आणि मायेचं मडकं भरलेलं असेल तर ते बहुतेक लागतच नाही.

लावण्या मॅडम येईपर्यंत शबानाने ही दारं बसवली. दोन निवती आली की घरातली माणसं वाटून जाऊ लागली. पण अडल्या कामाचं ते शेवटचं दार आम्ही एकदाही पूर्ण चालताना पाहिलं नव्हतं. त्यासाठी गावात तसं घडावं लागतं, आणि घडवून आणलं तर ते आपलं नाटक होतं.

इथे मी एक गोष्ट केली ती सांगतो. दोघं घरी गेल्यावर मी, शबानाचं पाहून शिकलो होतो तेवढ्यावर, कीबोर्डवर एक चोरकळ बसवली. ती दाबली की सगळ्या गावाचा रुसवा शून्य होणार. मॅडमसमोर गाव मरायला लागलं तर गुपचूप दाबायची. नियमांवर माझा विश्वास होता, पण तो बदाम परत येण्याच्या भीतीपुढे टिकला नाही.

मॅडम सकाळी आल्या. चहा नको म्हणाल्या आणि थेट खेळायला बसल्या. मी त्यांच्या शेजारी, दुसऱ्या कीबोर्डवर हात ठेवून. त्यांनी गावात हळूहळू जम बसवला. बुधाजी त्यांच्या घराजवळच राहणारा. त्याने त्यांना नांगर धरायला शिकवलं, त्यांचे पऱ्हे पेरून दिले, त्यांच्या अंगणात बसून चहा प्यायला लागला. मायेचं मडकं भरत होतं. मग मॅडमनी मुद्दाम पाहायचं ठरवलं. चौकात सगळे जमलेले असताना त्यांनी बुधाजीला म्हटलं की तुझे पऱ्हे कुजके आहेत, तुला शेतीतलं काही कळत नाही.

बुधाजी उठला आणि घरी गेला.

"अब देखते हैं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्याला आंबे पाठवले. आंबे त्याने त्यांच्या दारात आणून ठेवले. माफी मागायला गेल्या तर तो मागच्या दाराने बाहेर पडला. त्याची दोस्ती सगळ्या गावाशी. बघता बघता शेवंताबाईने मान वळवली, नत्थूने वळवली. रोवण्याचा दिवस आला. बांधीत पाणी, पेंढ्या तयार, आणि सगळ्या शेतात मॅडमचं एकटं पात्र वाकलेलं. पाणी उतरत चाललं होतं.

"सुधाकर जी, यही प्रॉब्लम है. खेलने वाला यहाँ गुस्सा होकर बंद कर देगा."

माझं बोट चोरकळीवर गेलं. तेवढ्यात मागून शबाना माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "दाबून पाहा भाऊ. सकाळीच काढली मी थे. काहीच नाई होत."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मी हात मांडीवर घेतले. आता माझ्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. गाव जे करेल ते पाहायचं. अशी धडधड मला मुलीच्या निकालाच्या दिवशीही झाली नव्हती.

"ये कौन है?" मॅडम म्हणाल्या.

शेताच्या पार टोकाच्या बांधीत एक माणूस उतरला होता. आमच्याकडे पाठ. खांद्यावरचा दुपट्टा कमरेला बांधला, पेंढी सोडली आणि लावायला लागला.

"बुधाजी!" विनोद ओरडला. "बुधाजी आला न बे!"

मॅडमनी आपलं पात्र धावत त्याच्याकडे नेलं. बोलायचा पर्यायच उघडेना. चहा नेला. तो धुऱ्यावर तसाच राहिला. बुधाजी एकही शब्द न बोलता लावत होता. आणि मग जे झालं ते आम्ही तिघांनीही कधी पाहिलं नव्हतं. शेवंताबाई आली. मग नत्थू. मग नत्थूचा भाऊ, त्याच्यापासून दोन बांध्या सोडून. बुधाजीसाठी रुसलेले सगळे, बुधाजी चिखलात दिसल्यावर एकेक करून येऊ लागले. त्याच्यासाठीच ते घरी बसले होते. तोच उतरला तर ते कशाला बसतील? हे आम्ही कुठेही लिहिलं नव्हतं. आम्ही फक्त दारं बसवली होती.

मॅडमनी तोंडावर हात ठेवला होता. "ये आपने लिखा है?"

"नहीं मैडम. वो खुद आए," शबाना म्हणाली. विनोद तर चक्क नाचत होता. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो, कारण उठलो असतो तर मीही नाचलो असतो.

पाणी असतानाच रोवणा पुरा झाला. हिरव्या काड्यांनी सगळ्या बांध्या भरल्या. माणसं हसत, एकमेकांवर चिखल उडवत निघाली. बुधाजीने पाटाच्या पाण्यात पाय धुतले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि मॅडमच्या पात्राच्या अगदी जवळून, न बोलता निघून गेला.

"अरे!" मॅडम माझ्याकडे वळल्या. "काम करके गया, बात नहीं की. कल बोलेगा?"

"मुझे नहीं मालूम मैडम," मी म्हणालो. आणि खरंच मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं हे काम केल्यावर प्रथमच मला माझ्या माणसाच्या मनातलं माहीत नव्हतं. त्याचा आनंद किती झाला ते सांगता येत नाही.

बदामाचा विषय त्यानंतर निघाला नाही. खाली गाडी उभी होती. ड्रायव्हर जिना चढून दारात आला, "मॅडम, नागपूर पोचाले उशीर होते," म्हणाला.

मॅडमनी मान वळवली नाही. खुर्ची आणखी पुढे ओढली.

"रुको," त्या म्हणाल्या. "बुधाजी के घर जा रही हूँ."